पोर्टलवर दिसतं, अ‍ॅपला दिसत नाही

"भाऊ, पोर्टलवर तं व्हेरिएबल दिसून राह्यलं, मंग अ‍ॅपले काहून भेटत नाही?" अमरावती-अकोल्यात राहून क्लाउडवर काम करणारी पोरं मला हे सतत विचारतात. पोर्टलवर दिसतं, हे ते खरंच सांगत असतात. पण पाहायचं असतं ते व्हेरिएबल जिथे वाचलं जातं तिथे.

प्रोग्राम तोच ठेवून डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, चाचणी की प्रत्यक्ष वापर, एवढंच बाहेरून पुरवायचं, ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची सोय 1979च्या सातव्या युनिक्सपासून आहे. 2011च्या सुमारास हेरोकूच्या अ‍ॅडम विगिन्सने 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप'मध्ये तिचा नियमच केला आणि 2013मध्ये आलेल्या डॉकरनंतर ती घरोघरी पोचली. तिचं मर्म एकच आहे. प्रोसेस सुरू होते त्या क्षणी तिला या मूल्यांची नक्कल मिळते. नंतर बाहेर काहीही बदला, चालू प्रोसेसला त्याचा पत्ता लागत नाही. कुबर्नेटीसमध्ये कॉन्फिगमॅप बदलला, तरी त्यातून घेतलेलं व्हेरिएबल पॉड नव्याने सुरू होईपर्यंत जुनंच राहतं.

मुंबई-नागपूर मुख्य रेल्वेमार्ग बडनेऱ्यावरून जातो, अमरावती फाट्यावर आहे. पार्सल बडनेऱ्याला उतरलं म्हणून ते अमरावतीला आलं असं आपण समजत नाही. व्हेरिएबलचंही तसंच आहे. पोर्टल, सेवेची व्याख्या, कंटेनर, सुरुवातीची स्क्रिप्ट आणि शेवटी प्रोसेस, अशा प्रत्येक ठिकाणी माल मुद्दाम पुढे चढवावा लागतो. डॉकर कंपोजची 'डॉट एन्व्ह' फाइल सर्वांत जास्त फसवते. ती कंपोजच्या फाइलमधल्या रिकाम्या जागा भरते, पण कंटेनरला आपोआप काही देत नाही. त्यासाठी 'एन्व्ह फाइल' किंवा 'एन्व्हायर्नमेंट' असं वेगळं लिहावं लागतं. व्हीटवर बांधलेल्या वेबपानांची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे मूल्य बिल्डच्या वेळीच फाइलींत मुरतं, त्यामुळे कंटेनर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी उपयोग नाही.

कधी मूल्य पोचतं, पण बिघडून. बेस64 करताना साधा 'इको' वापरला, तर पासवर्डच्या शेवटी नव्या ओळीचं एक अक्षर चिकटतं. डोळ्यांना पासवर्ड बरोबर दिसतो, डेटाबेस मात्र नाकारतो.

म्हणून मी कंटेनरच्या आतूनच तपासायला सांगतो. 'प्रिंटएन्व्ह' ही पहिली पायरी, पण ती पुरेशी नाही. बाहेरून आत शिरून चालवलेली आज्ञा ही स्वतंत्र प्रोसेस असते. सुरुवातीच्या स्क्रिप्टने वाढवलेलं त्यात दिसत नाही आणि वाटेत 'सुडो'ने गाळलेलं मात्र दिसत राहतं. 'प्रॉक'खाली अ‍ॅपच्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात 'एन्व्हायरन' नावाची फाइल असते. त्या प्रोसेसला सुरुवातीला खरोखर काय मिळालं, ते तिथे कळतं.

मला सर्वांत जास्त चीड येते ती मुकाट पर्यायी मूल्याची. व्हेरिएबल नाही मिळालं तर चाचणीचा डेटाबेस घे, असं कोडमध्ये लिहिलेलं असतं. समजा, तुरीचे भाव दाखवणारं अ‍ॅप असं चाचणीच्या डेटाबेसला जोडलं गेलं. पडदा छान दिसेल, भाव खोटे असतील, आणि गाडी आज भरायची की थांबायचं, हे कास्तकार त्यावरून ठरवेल. त्यापेक्षा अ‍ॅपने सुरूच होऊ नये. कोणतं व्हेरिएबल मिळालं नाही, त्याचं नाव लॉगमध्ये लिहावं आणि थांबावं. आवश्यक मूल्याला पर्याय ठेवलेला कोड मी मंजूर करत नाही.

बिघाड शोधण्याच्या घाईत व्हेरिएबलांची सगळी यादी लॉगमध्ये छापणंही तितकंच घातक. या मूल्यांवर चोरांचा डोळा असतो. 2021मध्ये कोडकोव्ह या कंपनीची अपलोड स्क्रिप्ट कोणीतरी बदलली आणि ती चालवणाऱ्यांच्या बिल्ड यंत्रांवरची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स परस्पर बाहेर पाठवली. तो प्रकार काही महिने चालला. त्यामुळे मी पोरांकडून व्हेरिएबलचं नाव आणि मूल्याची लांबी एवढंच मागवतो. नव्या ओळीचं जास्तीचं अक्षर लांबीतच सापडतं. तरीही कोणी पासवर्डसकट स्क्रीनशॉट पाठवलाच, तर आधी तो पासवर्ड बदलून घेतो, बिघाड मग पाहतो.