परमुलखातल्या बापजाद्यांचे बीदर

कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशीद १३६७ साली बांधली गेली. ती बांधणाऱ्याचे नाव तिथल्या शिलालेखात आहे: रफी, त्याचा बाप शम्स, आजा मन्सूर, राहणार काझवीन. काझवीन हे इराणच्या उत्तरेकडचे शहर. अरबी-फारसी रिवाजात नाव असेच लिहितात, तेव्हा त्यात फार भावना शोधू नये. तरीही बहमनी सुलतानांच्या याद्यांनी कंटाळलेल्या प्रवाशाला त्या याद्यांत नसलेली एका कामकरी घराण्याची तीन नावे अधिक जवळची वाटतात. मशिदीला अंगण नाही. सगळी जागा छपराखाली आहे आणि छपरावर घुमटांची दाटी आहे. भारतात ही रचना क्वचितच दिसते.

बहमनी राज्यात असे परमुलखी लोक पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. त्यांना ‘आफाकी’ म्हणत, आणि आधीपासून इथे रुजलेल्या मुसलमानांना ‘दख्खनी’. दोघांचे हाडवैर होते. आफाकींची वाट बहुधा मराठी मुलखातूनच जाई: इराणी आखातातून जहाजाने दाभोळ किंवा चौल, आणि मग घाट चढून वर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारीही चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला आला. राज्यकारभार खुरासानी लोकांच्या हाती आहे, ही गोष्ट त्याने आवर्जून टिपून ठेवली.

कलबुर्गी ते बीदर हा प्रवास तुरीच्या शेतांतून होतो. हुमनाबाद मागे पडले की काळी माती हळूहळू संपते आणि जांभ्याचे लाल पठार सुरू होते. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने राजधानी कलबुर्गीहून इथे हलवली. या उंच पठाराला पाणी पुरवण्यासाठी जमिनीखालून बोगदा खणून त्यावर हवेच्या विहिरी ठेवण्याची इराणी पद्धत वापरली गेली. नौबादजवळचा तो ‘कारेझ’ अजून पाहता येतो.

महमूद गावान हा या परमुलखी लोकांतला सर्वांत मोठा. कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलानमधला हा व्यापारी १४५३ साली दाभोळला उतरला, बीदरला आला आणि पुढे वजीर झाला. त्याने खेळणा म्हणजे विशाळगड जिंकला, गोवा जिंकला आणि १४७२ साली बीदरला मदरसा उभारला. सतराव्या शतकाच्या शेवटी तिथे ठेवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि एक मिनार त्यात गेला. उरलेल्या मिनारावर निळ्या फरशांचे अवशेष आहेत. इतिहासकार फरिश्ता लिहितो की गावान घरखर्च आपल्या व्यापाराच्या नफ्यातून चालवी आणि चटईवर झोपे. ‘रियाझ-उल-इन्शा’ या त्याच्या पत्रसंग्रहात मुलांना आणि नातलगांना लिहिलेली पत्रेही आहेत. दख्खनी सरदारांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले आणि १४८१च्या एप्रिलमध्ये सुलतानाने सत्तरीतल्या या वजिराचा शिरच्छेद करवला. इतिहासाच्या पुस्तकांतून हे सगळे मिळते, म्हणून त्यावर इथे अधिक रेंगाळायचे कारण नाही.

बीदरजवळच्या अष्टूरला बहमनी सुलतानांच्या मकबऱ्यांच्या रांगेजवळच खलीलुल्लाची अष्टकोनी चौखंडी आहे. अहमदशहाने किरमानच्या शाह निमतुल्ला या सूफीला निमंत्रण पाठवले. तो स्वतः आला नाही. त्याने नातू नूरुल्ला याला पाठवले आणि सुलतानाने त्याला आपली मुलगी दिली. आजोबा वारल्यावर नूरुल्लाचा बाप खलीलुल्लाही मुलाच्या मागोमाग बीदरला आला. आधी मुलगा आणि मग बाप, हा स्थलांतराचा क्रम आजच्या पुण्या-मुंबईच्या चाळींनाही अनोळखी नाही. अहमदशहाचा मकबराही अष्टूरलाच आहे; त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळ गावचे जंगम शंख फुंकत येतात आणि त्यांचा तिथे पहिला मान असतो.

बीदरमध्ये बाहेरून आलेली आणि आजही पोट भरणारी गोष्ट मात्र एकच, ती म्हणजे काळ्या धातूवर चांदी जडवण्याचे बिदरी काम. परंपरेप्रमाणे अब्दुल्ला बिन कैसर नावाच्या इराणी कारागिराने ते इथे आणले. उपलब्ध जुन्या वस्तू मात्र सतराव्या शतकाच्या मागे फारशा जात नाहीत, म्हणजे अब्दुल्ला हा इतिहासापेक्षा आठवणीतला माणूस आहे. चौबाऱ्याच्या आसपास याची दुकाने आहेत. दर्शनी कपाटांतले मोर आणि हत्ती प्रस्तुत लेखकाला मुळीच आवडत नाहीत; ते दिवाणखान्यात धूळ खाण्यासाठीच जन्मलेले असतात. खरे काम मागच्या खोलीत चालते.

अशाच एका मागच्या खोलीत एक वृद्ध कारागीर भिंतीला टेकून, पायाच्या अंगठ्याने तबक दाबून धरून बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. उदगीरच्या व्यापाऱ्यांमुळे त्यांना मराठी चांगले कळे. बोलताना मात्र ते दख्खनीत शिरत. घराणे कुठले, असे विचारल्यावर त्यांनी इराणचे नावही घेतले नाही. आजोबा लहानपणी जहीराबादकडच्या एका खेड्यातून पोट भरायला बीदरला आले. पहिली काही वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात झाडलोट केली आणि नुसती कानस चालवली. छिन्नी हातात मिळाली तेव्हा त्यांना मिसरूड फुटले होते.

कामाचा क्रम चाचांनी तोंडाने सांगितला नाही, हाताने दाखवला. जस्तात थोडे तांबे घालून केलेला ओतीव मिश्रधातू, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. साच्यासाठी माती, एरंडेल आणि राळ. ओतीव वस्तू कानशीने घासली की तिच्यावर मोरचूद फिरवतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि त्यावर कोरलेली रेघ पांढरी दिसते. नक्षी कागदावरून उतरवत नाहीत. चाचांची छिन्नी वळणावर थांबत नव्हती, त्यांच्या हाताखाली तबकच फिरत होते. मग त्या खाचेत चांदीची तार बसवून ती हातोडीने ठोकायची, ही तारकशी. तारेऐवजी चांदीचा पत्रा बसवला तर ती तहनिशान.

शेवटचे काम मातीचे. बीदरच्या किल्ल्यातल्या जुन्या बांधकामाच्या आडोशाची माती आणतात, ती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात आणि तापवलेली वस्तू त्यात बुडवतात. जस्ताचा पृष्ठभाग कायमचा काळा पडतो आणि चांदी पांढरीच राहते. माती कोणती चालते, या प्रश्नावर चाचा म्हणाले, “धूप नई लगी, पानी नई लगा, ऐसी होना.” डब्यातली चिमूटभर त्यांनी जिभेवर ठेवली आणि डबा पुढे केला. “चख को देखो.” चव खारट होती, आणि मागून जिभेला किंचित गारवा जाणवला. तो सोऱ्याचा गुण. चाचांचे वडील ही चव पाहून ‘चलेगी’ किंवा ‘नक्को’ एवढेच बोलत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही.

वडिलांविषयी चाचा जास्त बोलले. निजामाच्या राज्यात पानदान, पिकदाणी, अत्तरदाणी आणि हुक्क्याचे बूड यांना घराघरांत गिऱ्हाईक होते. १९४८ साली संस्थान गेले, मग जहागिरी गेल्या आणि मागणी आटली. वडील दिवसा दुसऱ्याकडे मजुरीने कानस चालवत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतःचे कोरीव काम करत. पुढे सरकारी विक्रीकेंद्रांची मागणी आली ती राखदाण्यांची. जन्मात विडीला हात न लावलेल्या त्या माणसाने म्हातारपणापर्यंत राखदाण्या घडवल्या. शेवटी डोळे गेले. तरी कोणी नवे काम पुढे ठेवले तर ते अंगठा फिरवत आणि तार कुठे उचलली आहे ते नेमके दाखवत. “अब्बा नाराज हुए तो हातोडी छीन लेते थे,” असे सांगून चाचा मोठ्याने हसले.

२००६ साली बिदरी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिराला पद्मश्री मिळाली. तेही ही कला आपल्या वडिलांकडूनच शिकले. चाचांना त्याचा अभिमान होता, पण चांदीच्या भावाचा विषय निघताच तो मागे पडला. चांदी वाढली की लहान कारागीर तार बारीक करतो किंवा नक्षी विरळ करतो, आणि गिऱ्हाइकाला त्यातले काही कळत नाही. त्यांचा थोरला मुलगा हैदराबादेत गाडी चालवतो. धाकटा दुपारपर्यंत कारखान्यात बसतो आणि पेन ड्राइव्हची कवचे करतो, कारण ती खपतात.

खरेदी एका लहान डबीची झाली. झाकणावर खसखशीच्या बोंडाची नक्षी होती. चाचांनी सांगितलेल्या किमतीत घासाघीस करायची लाज वाटली. डबी बांधता बांधता त्यांनी बजावले की चिंच लावून घासू नका, काळा रंग जाईल. अधूनमधून खोबरेल लावून मऊ फडक्याने पुसा.