जाहिरातींना आईचं दुखणं कसं कळलं?

आईला विसरायला होऊ लागलं तेव्हा मी घरच्या कॉम्प्युटरवर स्मृतिभ्रंशाबद्दल वाचत बसायचे. त्यानंतर बातम्या उघडा, पाककृती उघडा, बाजूला वृद्धाश्रमांच्या जाहिराती. एकदा आईनेच त्या पाहिल्या. म्हणाली, "मला कुठे ठेवायचं बघताय का गं?" तिची समजूत काढली, पण माझ्या मनातून प्रश्न जाईना. मी याबद्दल कुणाशी अक्षर बोलले नव्हते. मग पाककृतीच्या साइटला हे सांगितलं कुणी?

कल्याणच्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, आधी ब्राउझर बदल." ब्राउझर म्हणजे काय हेच मला नीट ठाऊक नव्हतं, गूगल म्हणजे इंटरनेट, एवढीच माझी समज. तिने न कंटाळता सांगितलं: साइट उघडून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर, त्यात आपण शोधतो ते शोधयंत्र, आणि दोन्ही वेगवेगळी घेता येतात. इतकी वर्षं रोज वापरत असलेली वस्तू निवडता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

तिने फायरफॉक्स सुचवला. मोझिला या ना-नफा संस्थेचा हा ब्राउझर २००४पासून आहे आणि तो मराठीतही मिळतो. बसवताना त्याने विचारलं, जुन्या ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड आणू का? वीजबिल, बँक, आईच्या तपासण्यांचे अहवाल, सगळं तिकडे. 'हो' म्हटलं आणि तिथलं पुसलं गेलं तर? फोनवर भाची होती म्हणून धीर झाला. इकडे फक्त नक्कल येते, तिकडचं जागच्या जागी राहतं.

पत्त्याच्या पट्टीत ढालीचं छोटं चित्र असतं. त्यावर क्लिक केलं की त्या पानावर कोणकोणते ट्रॅकर अडवले ते दिसतं. ट्रॅकर म्हणजे मागावर राहणारे, असा मी अर्थ लावला. भरल्या वांग्याच्या एका पाककृतीवर ती यादी उघडली आणि वाचतच राहिले. त्यातलं एकही नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. यातली बरीच कामं कुकीवर चालतात. कुकी म्हणजे साइटने आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेली छोटी नोंद. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ती तयार केली, ऑनलाइन दुकानात आपण निवडलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात यासाठी. गोष्ट उपयोगाचीच आहे. घोळ होतो तो तिऱ्हाइताच्या कुकीमुळे. डोंबिवलीतल्या आमच्या फडके रोडच्या प्रत्येक दुकानात एकाच जाहिरात कंपनीची माणसं वही घेऊन उभी असावीत आणि औषधाच्या दुकानात मी काय मागितलं ते त्यांनी साड्यांच्या दुकानातल्या सोबत्याला कळवावं, तसं. फायरफॉक्स आता प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या ठेवतो, म्हणजे इथली ओळख तिथे चालत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या ढालीपाशी मिळालं.

मग हुरूप येऊन मी संरक्षण 'कडक' केलं. संध्याकाळी एका साइटवर पैसे भरायचं बटणच दाबलं जाईना. ढालीवरच क्लिक करून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं, हे शोधेपर्यंत जेवणाची वेळ झाली.

ब्राउझरच्या खाजगी विंडोवर माझा फार भरवसा होता. भाचीने तोही कमी केला. त्या विंडोने इतिहास पुसला जातो तो आपल्या कॉम्प्युटरवरचा. डोंबिवलीत आमच्याकडे केबलवाल्याकडूनच इंटरनेट येतं, आणि त्याच्यापासून ती विंडो काही लपवत नाही. पत्त्याआधी कुलपाचं चित्र असेल तर मी कोणतं पान वाचते ते त्याला दिसत नाही, साइटचं नाव मात्र सहसा कळू शकतं.

अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेची 'कव्हर युअर ट्रॅक्स' नावाची चाचणी आहे. आपला ब्राउझर गर्दीत किती वेगळा उठून दिसतो ते ती सांगते. स्क्रीनचा आकार, टाइम झोन, भाषा, बसवलेले फाँट, हे सगळं जुळवून कुकीशिवायही माणूस ओळखता येतो. सोसायटीच्या नोटिसांसाठी मी हौसेने बसवलेले मराठी फाँटसुद्धा माझी खूण ठरू शकतात, हे वाचून वाईट वाटलं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आपल्यासारख्यांना लपवण्यासारखं आहे काय?" मला ते पटलं नाही. आईचं दुखणं ही लाजेची गोष्ट नाही, पण ती कुणाला सांगायची ते आईने ठरवावं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. वहिनींना हे सांगितलं. त्या विचार करत राहिल्या, आणि मग त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला.

फोनचं मला अजून जमलेलं नव्हतं, म्हणून दोघींनी मिळून केलं. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं जोडसाधन बसतं. माझ्या फोनवर ते मी नंतर ठाण्याहून येताना लोकलमध्ये बसवलं; दिव्यापर्यंत रेंज येत-जात होती, कोपरला झालं. केबलवाल्याला साइटची नावं कमी दिसावीत यासाठी डीएनएसची एक सेटिंग असते म्हणे. डीएनएस म्हणजे काय ते भाची रविवारी येऊन समजावणार आहे, आणि वहिनीही बसणार आहेत.