समुद्राच्या खात्यातील लहान नोंद

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु त्या थेंबात काय दडले आहे, हे पाहण्यात उभे आयुष्य वेचणारी माणसे विरळाच. अमेरिकेच्या सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सॅली चिझम त्यांपैकी एक होत. 1947 साली जन्मलेल्या चिझम यांनी 1974 मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि 1976 पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही त्यांची कर्मभूमी झाली. परिचित त्यांना 'पेनी' म्हणतात. पेनी म्हणजे सर्वांत लहान नाणे; त्यांच्या कार्याला हे नाव शोभून दिसते.

1985 च्या सुमारास चिझम आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट ऑल्सन यांनी रुग्णालयात रक्तपेशी तपासण्यासाठी वापरले जाणारे एक यंत्र जहाजावर नेले. या यंत्रात एकेक पेशी लेसर किरणासमोरून जाते आणि तिच्यातील हरितद्रव्य लालसर प्रकाशाने उजळते. पडद्याच्या अगदी कडेला काही अंधूक ठिपके दिसू लागले. प्रथम ते यंत्राचाच दोष वाटले. तसे समजून ते सोडून देणे सोपे होते. परंतु पाण्याचा नमुना जितका खोलवरचा, तितके ठिपके अधिक उजळ दिसत. हे पाणी किती खोलीवरून आणले, हे यंत्राच्या दोषाला कसे कळावे? खोल पाण्यात प्रकाश कमी, म्हणून तेथील जीव अधिक हरितद्रव्य बाळगतात. म्हणजे ते ठिपके सजीव होते!

1988 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढे त्या जीवाला 'प्रोक्लोरोकॉकस' हे नाव मिळाले. त्याचा आकार एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. तरीही उष्ण कटिबंधातील समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात अशा एक लाखापर्यंत पेशी असू शकतात. सूर्यप्रकाशावर अन्न निर्माण करणारा पृथ्वीवरील सर्वाधिक संख्येचा हा जीव तोपर्यंत नीट ओळखला गेला नव्हता.

दुसरे कोणी नवे विषय शोधत फिरले असते. चिझम यांनी मात्र तीन दशकांहून अधिक काळ याच जीवाला दिला. वरच्या उजेडात राहणारे आणि खालच्या अंधूक प्रकाशात राहणारे त्याचे प्रकार निराळे असल्याचे त्यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या पेशींत शेकडो उपकुळे एकत्र नांदत असल्याचे 2014 मध्ये उघड झाले.

या ज्ञानाची खरी कसोटी प्रयोगशाळेबाहेर लागली. समुद्रात लोह टाकावे, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढवाव्यात, त्यांनी शोषलेला कार्बन तळाशी गेला असे मानून त्याची 'कार्बन क्रेडिट' विकावीत, अशा योजना पुढे आल्या होत्या. 2001 साली दोन शास्त्रज्ञांसह 'सायन्स'मध्ये लिहून चिझम यांनी त्यांना स्पष्ट विरोध केला. खोल पाण्यातील प्राणवायू घटेल, जीवांची साखळी बदलेल आणि किती कार्बन खरोखर साठला हे पडताळता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जी जमा तपासता येत नाही, तिच्यावर व्यवहार कसा करावा?

पुढे 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञ यांनी दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' हा लोह-प्रयोग केला. तो विक्रीसाठी नव्हता, अभ्यासासाठी होता. वनस्पती वाढल्या; परंतु झिंग्यांच्या जातकुळीतील बारीक जीवांनी त्या फस्त केल्या आणि खोलवर गेलेला कार्बन अपेक्षेहून फारच अल्प ठरला.

चिझम यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि 2019 चा क्राफोर्ड पुरस्कार लाभला. चित्रकार मॉली बँग यांच्यासह त्यांनी मुलांसाठी सूर्यप्रकाश आणि सजीवांचे नाते उलगडणारी पुस्तकेही लिहिली. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवांचे ऋण नव्या पिढीला लहान वयातच उमगावे, ही त्यामागची तळमळ आहे.