पदरचे एक्क्याण्णव रुपये

दसऱ्याच्या आगेमागे दिल्लीतील कचेऱ्यांतून एक परिपत्रक फिरू लागते आणि एरवी गंभीर असणाऱ्या कारकुनांच्या मुद्राही उजळतात. हे परिपत्रक बोनसचे. आमच्या वर्गातील नोकरांना तो तीस दिवसांच्या वेतनाइतका मिळतो. मात्र वेतन कितीही असो, हिशेबाला ७,००० रुपयेच धरावयाचे. त्यांस ३० ने गुणून ३०.४ ने भागले की उत्तर येते ६,९०८. गेली काही वर्षे हे उत्तर आम्हांस तोंडपाठ आहे.

२०२४ च्या दिवाळीपूर्वी ही रक्कम आमच्या खात्यात जमा झाली, आणि त्याच रात्री मोबाइलच्या पडद्यावर घर झाडण्याचे एक विजेचे यंत्र आमच्या दृष्टीस पडले. किंमत १३,९९९, ती खोडलेली. खाली ठळक आकड्यांत ६,९९९. शेजारी घड्याळ उलटे धावत होते आणि 'दोनच नग शिल्लक' अशी ताकीदही होती. आमच्या सरकारी बिऱ्हाडात खोल्या दोन. त्या झाडावयास केरसुणीला दहा मिनिटे पुरतात. परंतु सात हजार रुपये 'वाचत' असता केरसुणीची आठवण कोणास होते? बोनस अधिक पदरचे ९१ रुपये, असा सौदा आम्ही तेथल्या तेथे पटवला. वास्तविक ग्राहकाला खोटी घाई करावयास लावणे हा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात निषिद्ध ठरवलेल्या १३ क्लृप्त्यांपैकी पहिलाच प्रकार. ती मार्गदर्शक तत्त्वे आम्ही कचेरीत वाचली होती. इतकेच नव्हे, तर शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यास समजावूनही सांगितली होती!

यंत्र आले. सौभाग्यवतींनी ते पाहिले आणि एवढेच विचारले, "अहो, आणि आईंचा चष्मा?"

आमची आई वाईजवळच्या गावी असते. तिच्या चष्म्याची एक दांडी मोडली होती आणि तेथे तिने दोरा गुंडाळला होता. बोनस होताच नवा चष्मा करू, असे आम्ही गणपतीत सांगून आलो होतो. फोनवर चाचरत काही बोललो, तर ती म्हणाली, "असू दे रे, दिसतं मला." त्या वर्षी फराळाचा घास काही नीट उतरला नाही.

पुढे ऐन उन्हाळ्यात, सणाचा मागमूस नसताना, करोलबागेतील एका दुकानात तेच यंत्र ७,२०० ला दिसले. म्हणजे आमची बचत २०१ रुपये! घरी येऊन आम्ही खोके निरखले. त्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसह असते आणि त्याहून अधिक पैसे दुकानदारास घेता येत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. त्या भावाने ती वस्तू कधी कोणी घेतली होती, असे ती मुळीच सांगत नाही. कचेरीत साधे कपाट घ्यावयाचे तरी गरजेची टिपणी लिहावी लागते, दरांची तुलना करावी लागते, आणि तरीही साहेब विचारतात, 'जुन्याला काय झाले?' हा प्रश्न आम्ही घरी कधी विचारलाच नव्हता.

म्हणून २०२५ च्या श्रावणात एक वही घातली. हव्या असलेल्या वस्तू आणि त्यांचे चालू भाव तीत टिपले. कुकर तेव्हा २,१०० ला होता; दिवाळीत १,७५० ला मिळाला तेव्हा ही सूट खरी, हे ओळखता आले. बाकीच्या चार वस्तूंचे भाव होते तेथेच होते. केवळ त्यांच्यावर खोडलेला एक आकडा चढला होता. वहीतील पहिली नोंद मात्र सेलची वाट न पाहता, गणपतीतच वाईला पुरी केली. चष्मेवाल्याने सवलत दिली नाही. आम्हीही मागितली नाही.

त्या दिवाळीत आई दिल्लीस आली. नव्या चष्म्यातून तिने सारे घर पाहिले, आणि कपाटावरच्या खोक्यापाशी थांबून विचारले, "हे रे काय? केवढ्याला पडलं?"

आम्ही चकलीचा डबा पुढे केला.