रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

दुर्बिणीतून पोटाची तपासणी होते. डॉक्टरांना जठराच्या आतल्या बाजूला थोडी लाली दिसते. ते एक बारीकसा तुकडा काढून घेतात आणि म्हणतात, "तपासायला पाठवतो, आठ दिवसांनी या." डॉक्टरांच्या तोंडी हे वाक्य रोजचेच असते. ऐकणाऱ्याच्या कानांत मात्र त्यातला 'तुकडा' हा एकच शब्द घुमत राहतो. तुकडा काढला, म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट असणार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे.

चाळिशी ओलांडलेली एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणा. दोन महिन्यांपासून जेवणानंतर छातीत जळजळते, करपट ढेकरा येतात, कधी पोट बिघडते, तर कधी दोन-दोन दिवस साफच होत नाही. ओवा-सैंधव खाऊन झाले, तिखट बंद करून झाले, हिंगाचा लेपही लावून झाला. हे सारे घरात कुणाला कळू न देता. मुलाची बारावी आहे, सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे, त्यात आपले आणखी कशाला? तपासणी झाल्यावर नवऱ्याला ती एवढेच सांगते, "ॲसिडिटी आहे म्हणाले." आणि रात्री सगळे झोपले की अंधारात पोट चाचपत पडून राहते. शेजारच्या वहिनींच्या मावशीला काय झाले होते, ते तिला शब्दन् शब्द आठवते. ज्यांचे रिपोर्ट चांगले आले, अशा ओळखीच्या दहा जणींपैकी मात्र एकही आठवत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट खरोखरच जास्त दुखू लागते. जेवण जात नाही, सकाळी दोन-तीनदा शौचाला जावे लागते. तिची खात्री पटते, की आजार वाढला.

पोटाचे आणि मनाचे नाते आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आहे. भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात धस्स होते, सांगायचे नसते ते आपण पोटात ठेवतो. शास्त्रानेही याला दुजोरा दिला. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन यांनी त्या किरणांच्या मदतीने मांजराच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर निवांत असले, की जठर लयीत हलत असे. ते बिथरले, की हालचाल थांबे. शांत झाले, की पुन्हा सुरू होई. माणसाच्या पचनमार्गाच्या भिंतीतही कोट्यवधी चेतापेशींचे जाळे आहे आणि मेंदूशी त्याचे दळणवळण सतत चालू असते. त्यामुळे काळजीच्या दिवसांत वाढलेले दुखणे खोटे नसते, 'मनाचे खेळ' तर नसतेच. मात्र, दुखणे वाढले एवढ्यावरून मूळ आजार वाढला, असेही म्हणता येत नाही. पुष्कळदा ती वाट पाहण्याचीच कळ असते.

मग तुकडा काढतात तरी कशासाठी? कर्करोग नाही ना हे पाहणे, हा त्याचा एक हेतू झाला. पण तो एकमेव नव्हे. जठराला सूज आहे का, तिथे जंतू आहेत का, गव्हातले प्रथिन आतड्याला सोसत नाही असे आहे का, मोठ्या आतड्याचा दाह आहे का, आपल्याकडे आढळणारा आतड्याचा क्षय तर नाही ना, हेही त्यातूनच कळते. तो तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवतात. त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून ते रंगवतात आणि तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंका वाटली, तर वेगळे रंग वापरून पुन्हा पाहतात. रिपोर्टला उशीर झाला, म्हणजे काहीतरी लपवत आहेत, असे नव्हे. त्या कामालाच तेवढे दिवस लागतात.

वाट पाहण्याने उत्तर सापडल्याची एक गोष्ट तर प्रसिद्धच आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे दोघे डॉक्टर जठरातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. दोन दिवसांत काही उगवले नाही, की बश्या फेकून दिल्या जात. १९८२ साली ईस्टरच्या सुटीमुळे काही बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांत जंतू वाढलेले दिसले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे आज त्या जंतूचे नाव. तोवर पोटातल्या अल्सरचे खापर रुग्णाच्या काळजीखोर स्वभावावर आणि तिखट खाण्यावर फोडले जाई. बहुतेक अल्सरच्या मुळाशी हा जंतू असतो, हे पुढे सिद्ध झाले आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'तू काळजी करतेस म्हणून तुला हे झाले,' असे घरातल्या बाईला सुनावण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

हल्ली रिपोर्ट थेट मोबाईलवर येतो, तोही कधी कधी रात्री साडेदहाला. रक्ताच्या रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापलेला दिसला, की झोप उडते. पण आकड्यांची नेहमीची मर्यादा बहुधा अशी ठरवलेली असते, की शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण तिच्या बाहेरच पडावेत. त्या आकड्याचा अर्थ बाकीच्या लक्षणांशी जुळवून लावायचा असतो आणि ते काम डॉक्टरांचे. तेव्हा रिपोर्ट रात्री एकट्याने न उघडलेला बरा.

दवाखान्यातून निघतानाच तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. तपासणी नेमकी कशासाठी आहे? रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल आणि तो कोण समजावून सांगेल? आणि कोणते लक्षण दिसले तर थांबायचे नाही? रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा शौचातून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, असह्य दुखणे, ताप, कावीळ, गिळता न येणे, यांपैकी काही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचे. एक मात्र लक्षात असू द्यावे. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते आणि बीट खाल्ल्यावर लालसर दिसू शकते. अशी शंका आली, तर आदल्या दिवशी काय खाल्ले, हेही डॉक्टरांना सांगावे.

बाकीच्या दिवसांत पोट सारखे चाचपू नये. दाबून दाबून निरोगी पोटही दुखते. दिवसातून एकदा वहीत दोन ओळी लिहाव्यात : काय खाल्ले, काय त्रास झाला, झोप कशी लागली. लिहून झाले, की वही मिटावी. भीतीने उपाशी राहू नये आणि शेजारणींनी सांगितलेले पाच काढेही एकदम सुरू करू नयेत. वरणभात, मऊ भाकरी, ताक, जे सोसते ते वेळेवर घ्यावे.

घरच्यांचीही यात जबाबदारी असते. "काही होत नाही गं तुला," हे वाक्य प्रेमाचे खरे, पण त्याने समोरचीचे तोंड बंद होते. त्यापेक्षा "कधी आहे तारीख? मी रजा टाकतो, बरोबर येतो," हे किती तरी मोलाचे! दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेली कितीतरी कुटुंबे उतरतात. सगळ्यांचीच काळजी सारखी, म्हणून तिथे ती कुणी कुणापासून लपवण्याचे कारण राहत नाही. घरात मात्र चार माणसांत राहूनही एखादी एकटीच वाट पाहत बसते.

अशा एकटेपणातून आणखी एक गोष्ट घडते. भीतीने काही जण रिपोर्ट आणायलाच जात नाहीत. तारीख टळते, महिना जातो. जे औषधाच्या एका कोर्सने बरे व्हायचे, ते चिघळते. जे गंभीर असते, त्याला उगीच वेळ मिळतो. भीती वाटण्यात कमीपणा काहीच नाही, पण तिच्यापायी दवाखान्याची पायरी चढायची राहू नये. म्हणून तारीख ठरली, की ती घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवावी. मग त्या दिवशी कोण बरोबर जाणार आणि मुलांचा डबा कोण करणार, हे आपोआप ठरते.