मायक्रॉन मोजतो कोण?

मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या खाणीतला दगड निदान तांबं तरी देतो. भाजीबरोबर फुकट आलेली प्लास्टिकची पिशवी घरापर्यंतची सोबत, मग नालीत. मध्य प्रदेशाने 2017 मध्येच अशा पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राने 31 डिसेंबर 2022 पासून किमान जाडी 120 मायक्रॉन केली. पण भाजीबाजारात मायक्रॉन मोजतो कोण? म्हणून भिस्त गिऱ्हाइकावर आणि त्याच्या कापडी पिशवीवरच. कापडालाही पाणी-वीज लागते, हा आक्षेप खराच. ब्रिटनच्या 2011 च्या सरकारी अभ्यासानुसार, एकदाच वापरून फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीशी हवामानाच्या हिशेबात बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. आठवडी बाजाराला नेली तरी अडीच वर्षं! तेव्हा नव्या पिशव्या वाटण्याचे सोहळे (फोटोंसकट) पुरे. जुन्या लुगड्याची शिवा आणि फाटेपर्यंत वापरा.