हाताच्या बळावर सुटणारा छर्रा

जुन्या एअर रायफलीवर जीव जडलेला माणूस दिसला की लोक दोनपैकी एक कारण चिकटवून मोकळे होतात: बालपणाची आठवण, नाहीतर दुर्मीळ वस्तू जमवण्याची हौस. या बंदुका खोलणं, दुरुस्त करणं आणि त्यांनी नेम धरणं हा माझा विषय आहे, आणि मला दोन्ही कारणं अपुरी वाटतात. मराठी माणसाची छर्‍याच्या बंदुकीची आठवण बहुधा जत्रेतल्या फुग्यांच्या फळीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तरीही १९०५ साली बर्मिंगहॅममध्ये तयार झालेली बीएसए रायफल हातात घेतली की आज इथला रसिकही हरखतो, आणि त्या बंदुकीचा त्याच्याच काय, त्याच्या आजोबांच्या बालपणाशीही संबंध नसतो. दुर्मीळपणाचंही तसंच. अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी बनलेली जिरांदोनीची हवेची रायफल लुइस आणि क्लार्क यांच्या अमेरिका ओलांडणार्‍या मोहिमेत होती असं मानलं जातं. इतिहासाच्या मापाने तिच्यापुढे उभी राहील अशी दुसरी एअर रायफल नाही. पण शौकिनांचं प्रेम तिच्यापेक्षा मोठ्या संख्येने निघालेल्या, साध्यासुध्या डायना २७ या जर्मन रायफलीच्या वाट्याला जास्त येतं. हा जिव्हाळा बंदुकीच्या यंत्रणेतूनच उगवतो, असं माझं म्हणणं आहे.

डायनाची बोधखूणच पाहा. जर्मनीत रास्टाट इथे १८९० मध्ये सुरू झालेल्या मायर आणि ग्रामेलश्पाखर या कारखान्याने शिकारीची देवता डायना निवडली. ती धनुष्य टाकून देते आहे आणि एअर रायफल उंचावते आहे. यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर तिने फारसं काही टाकलेलंच नाही. धनुष्यात माणूस आपल्या दंडाचं बळ साठवतो आणि सोडतो, स्प्रिंगच्या रायफलीतही तेच. नळी मोडून किंवा तरफ ओढून स्प्रिंग दाबायची, ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्‍याला ढकलते. डायना २७ च्या छर्‍याला मिळणारी ऊर्जा दहा ज्यूलच्या आसपास, म्हणजे एक किलो वजन मीटरभर उचलायला लागते तेवढीच. माणसाने केलेल्या श्रमांतला हा छोटा वाटा, बाकीचे हादर्‍यात आणि उष्णतेत जातात. पण छर्‍यामागचं बळ मुळात त्याच्या स्वतःच्या हातून आलेलं असतं, आणि प्रत्येक छर्‍यासाठी नव्याने. जिरांदोनीच्या दस्त्यातली टाकीही हातपंपानेच भरत, पण त्यासाठी पंधराशेच्या घरात पंप मारावे लागत आणि ते काम गोळी झाडण्याच्या कितीतरी आधी उरकलेलं असे. श्रम आणि नेम यांची तिथे ताटातूट होते.

ज्याला भावुकपणा म्हणतात त्यातल्या पुष्कळ गोष्टींना असं भौतिक कारण सापडतं. शौकीन हळवे होऊन सांगतात तो जळक्या तेलाचा वास घ्या. पिस्टनपुढची हवा क्षणार्धात इतकी तापते की तिथलं किंचित तेल पेटतं. ब्रिटनमधल्या कार्ड्यू पितापुत्रांनी हवेऐवजी नायट्रोजन भरून पाहिला तेव्हा छर्‍याचा वेग घसरला, म्हणजे ते जळणं छर्‍याला ढकलायलाही हातभार लावत होतं. धक्क्याचंही तेच. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते, पिस्टन हवेच्या उशीवर अडला की ती पुढे झटका खाते, आणि यातलं बरंचसं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच घडतं. त्यामुळे पकड घट्ट की सैल, श्वास कुठे थांबला, खांदा किती ताठ, हे सगळं कागदावरच्या भोकात उमटतं. अशा बंदुकीला हलक्या हाताने, जवळजवळ नुसती तोलून धरावी लागते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि वेळ देऊन ओळखलेल्या वस्तूवर माया बसणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

यावर आक्षेप येतो तो अचूकतेचा. ओबरन्डॉर्फच्या फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीने १९६० च्या दशकात संपूर्ण यंत्रणा रुळांवर मागे सरकू देऊन हा धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोहोचूच दिला नाही. पुढे दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांनी उरलासुरला धक्काही मिटवला. १९८४ मध्ये दहा मीटर एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये आली, २००८ मध्ये अभिनव बिंद्राने तिच्यात सुवर्णपदक मिळवलं. अशा स्पर्धेला जुनी बंदूक घेऊन जाणं वेडेपणाचं ठरेल, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण त्या सुधारणांचा हेतूच माणसाचं अंग निकालातून शक्य तितकं वजा करणं हा होता. जुन्या बंदुकीची अचूकता तिच्या काळाच्या खेळाला पुरेशी होती. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपलं, लष्करी रायफलींची मागणी ओसरली, आणि बीएसएने लिंकन जेफ्रीज या बर्मिंगहॅमच्या बंदूककाराच्या १९०४ च्या पेटंटावरून एअर रायफली काढल्या. नळी पक्की, खाली तरफ, आणि छर्रा घालायला फिरती तोटी. लष्करी कामाची शिस्त अंगात मुरलेल्या कारखान्याने पोरांच्या खेळण्यासारख्या समजल्या जाणार्‍या वस्तूवर तीच मेहनत घेतली. त्या बंदुका घेऊन इंग्लंडच्या मध्य भागातले लोक पबमध्ये सहा यार्डांवरून लोखंडी चकतीतल्या तीन-अष्टमांश इंचाच्या भोकातून छर्रा पार करत आणि मागची घंटा वाजवत. तो खेळ तिथे अजूनही खेळला जातो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: शेवटी हे शस्त्रच. छर्रा डोळा फोडू शकतो, पाखरू मारू शकतो, आणि छर्‍याच्या बंदुकांनी आपल्याकडे पाखरं मारली गेली आहेत. याला माझ्यापाशी गुळमुळीत उत्तर नाही. पाखरावर रोखलेली बंदूक मला नकोशी वाटते, आणि कागद, पत्रा, घंटा यांपलीकडे या छंदाला लक्ष्य लागतही नाही, कारण त्याचा सगळा आनंद हात आणि यंत्र यांच्या जुळणीत आहे. कायदाही नीट वाचावा. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वीस ज्यूलहून जास्त ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचाहून मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो. म्हणजे ०.२२ ची जुनी बंदूक कितीही मवाळ असली तरी ती या कक्षेत येते.

राहिले संग्रहालयवाले. त्यांच्या मते झाडली की वस्तू झिजते, म्हणून ती कपाटात असावी. ज्या प्रकारच्या मोजक्याच शाबूत बंदुका उरल्या आहेत, त्यांच्यापुरतं ते खरं आहे. पण बाकीच्या हजारो बंदुकांत झिजतात ते मुख्यतः स्प्रिंग आणि वॉशर, आणि ते बदलायचे असंच मुळात ठरलेलं होतं. पिस्टनच्या तोंडाशी सायकलच्या पंपात असतो तसा चामड्याचा वॉशर असतो. तो वापरात आणि तेलात राहिला तर मऊ राहतो. कपाटात वर्षानुवर्षं पडला तर वाळून तडकतो. परत न येणार्‍या गोष्टी वेगळ्याच: पोलादावरचा मूळ निळा-काळा मुलामा, अक्रोडाच्या लाकडावरचे हाताचे डाग, ठोकलेले शिक्के, डायनावरचा महिना-वर्षाचा छाप. पॉलिश करून ‘नवी’ केलेल्या बंदुकीत नेमकं हेच पुसलेलं असतं, आणि अशी बंदूक स्वस्तातही घेऊ नये असं मी सांगतो. जुनी बंदूक हाती आली तर आधी स्प्रिंग चढवू नका, छर्‍याशिवाय तर झाडूच नका. हवेच्या भोकातून दोन-चार थेंब तेल सोडा, ती उभी करून रात्रभर ठेवा, मग खोला. वॉशर गेलेला असेल तर चांगल्या चामड्याचा तुकडा भिजवून साच्यात दाबून नवा करता येतो. हे काम शिकायला अवघड नाही, आणि ते करताना बंदुकीची आतली रचना पहिल्यांदा नीट दिसते.